ओढ्यासाठीही कर्जरोखे काढा

संपादक महोदय,

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा आमच्या पार्किंगमध्ये शिरला. सकाळी खाली उतरलो तेव्हा दुचाक्या एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या होत्या आणि विजेच्या मीटरच्या पेटीवर छातीइतक्या उंचीला गाळाची रेघ उमटली होती. ती रेघ आम्ही अजून पुसलेली नाही. त्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक बळी घेतले.

नंतर सगळी चर्चा सीमाभिंतींची झाली. भिंत हवीच. पण दोन्ही काठ भिंतींनी आवळले की पाणी आणखी जोराने पुढे धावतं आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घुसतं. तिथे पळून चढायला वरचा मजलाही नसतो. खरं दुखणं वर, कात्रजच्या बाजूला आहे. उतार फोडून इमारती उभ्या राहिल्या, रस्ते सिमेंटचे झाले, आमच्यासारख्या सोसायट्यांनी अंगणात फरशी घातली. मुरणारं पाणी आता एकदम ओढ्यात येतं, आणि ओढा मात्र अरुंद झालेला.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षं. नळाला पाणी आणायला शहर दहा वर्षांचं कर्ज काढतं, तर घरात शिरणारं पाणी थोपवायचं काम दरवर्षीच्या नालेसफाईवर का सोडायचं? ती सफाई मी दर मे महिन्यात खिडकीतून पाहतो. जेसीबी गाळ उपसतो, काठावरच ढीग लावतो आणि पहिल्या जोरदार पावसात निम्मा ढीग परत ओढ्यात जातो.

ओढ्यातून पाणीपट्टी मिळत नाही, हे खरं. म्हणून परतफेड मालमत्ता कर आणि बांधकामांच्या विकसन शुल्कातून करावी. माझ्या बिलात त्यासाठी थोडी वाढ झाली तर मी ती आनंदाने भरीन. त्या पैशातून डोंगरपायथ्याला पाणी थोपवणारी तळी करावीत, अरुंद मोऱ्या रुंद कराव्यात, काठची जागा मोबदला देऊन मोकळी करावी. ज्यांना हलवावं लागेल त्यांना आधी जवळच घर द्यावं, पाडापाडी नंतर.

आणि कात्रज तलावापासून मुठेपर्यंत ओढ्याचा आराखडा एकच असावा. पाणी प्रभागाची हद्द पाहून वाहत नाही. येत्या अंदाजपत्रकात या आराखड्यासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे