दम आला, हाड यायचंय

पुणे, १४ सप्टेंबर

प्रिय बाळू,

फार दिवसांत पत्र नाही, रागावला असशील. इकडे सगळे बरे आहेत. आईची साखर आटोक्यात, माझी पाठ पावसाळ्यात कुरकुरते तेवढीच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच तोडतोस आणि हे मला सलग मांडायचंय.

मालकांना राणी घोडीची दोन वर्षांची पोर डिसेंबरात मुंबईला, महालक्ष्मीच्या शर्यतीत उतरवायची आहे. आणि काल पहाटे तिच्या पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्या, गुडघ्याखालची ती लांब हाडं, गरम लागल्या. राणी तू पाहिलीस, म्हणून तुलाच लिहितोय. तीच मान, तोच उतावळेपणा, पुढे कुणी दिसलं की लगाम हातातून ओढून घ्यायची तीच खोड.

पट्ट्या सोडल्यावर शंकरने नळीच्या समोरून अंगठा दाबत खाली आणला, तर मध्यावर तिने पाय झटकन उचलून घेतला. ताप नाही, शंभराच्या आत. रात्रीचे ओट अर्धे ठेवलेले. चालताना काही कळत नाही, दुडकीत मात्र पाऊल तोकडं पडतं. एक्स-रेमध्ये चिरेची रेघ नाही, ती एक सुटका. पण गुडघ्यावरच्या हाडाची वाढीची फट अजून पुरती मिटलेली नाही. मिटणार तरी कशी? कागदावर सगळ्यांचाच वाढदिवस १ जानेवारी. हिचा जन्म एप्रिलअखेरचा. शेजारच्या ठाणातलं जानेवारीचं शिंगरू आणि ही, दोघं शर्यतीच्या कार्डावर एकाच वयाची.

घोटाळा झाला तो तिच्या दमामुळे. गेल्या आठवड्यात वाळूवर ६०० मीटर ४० सेकंदांत आली, ती नाकपुडी न फुगवता. मालक धावपट्टीच्या रेलपाशी उभे होते. त्यांनी तेवढंच पाहिलं आणि कॅलेंडर काढलं. दम काही आठवड्यांत येतो रे, हृदय आणि फुप्फुसं लवकर शिकतात. हाडाला महिने लागतात. वेगाचा भार पडला की नळीच्या समोरच्या बाजूला नवं हाड चढतं, आणि ते घट्ट व्हायच्या आत आणखी वेग मागितला तर नळी सुजते, दुखते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्य डेव्हिड न्यूनामेकरांनी हेच तपासलं होतं. नुसते लांब, संथ कँटर, म्हणजे सावकाश दौड, देऊन नळी शर्यतीसाठी तयार होत नाही. हाड ज्या वेगाला सरावतं, त्याच वेगासाठी घडतं. म्हणून वेग द्यायचा, पण चमच्याने.

इथे तुझं माझं जुनं भांडण आलंच. तू प्रत्येक नव्या शिंगराला पाऊण तास लाँजवर, लांब दोरीवर गोल गोल, फिरवायचास, ‘आधी दमव, मग खोगीर घाल’ म्हणत. मी तेव्हाही सांगत होतो, दहा-पंधरा मिनिटं पुरे, दर थोड्या वेळाने दिशा बदल. गोलात फिरताना आतल्या पायांवर तिरका भार येतो, आणि दमवून दमवून आपण त्याचा दमच वाढवतो. उद्या त्याला एक तास लागतो! हिला मी तसंच घेतलं. आधी लांडगेदात, दाढांपुढचे ते बारके दात, काढून घेतले, मग तोंडात लोंबत्या चाव्यांचं कडियाळ, जिभेने खेळत बसायला. तंग रोज एकेक भोक. मग दोन लांब लगाम लावून मागून चालणं, मग खोगिरावर पोटावर आडवा पडलेला पोरगा, आणि तो सरळ बसला तेव्हा तिने फक्त एक कान मागे वळवला. कुठेही पाठ वर काढली नाही. (हे वाचून तू मान हलवशील, पण मनातून पटेल.)

शर्यत जिथून सुटते त्या गेटचंही तसंच. आधी दोन्ही दारं उघडी ठेवून नुसतं आरपार चालवली. मग पुढचं बंद, मग मागचं; मिनिटभर उभं राहायचं, गळा थोपटायचा. पुढचं दार हातानेच उघडून चालत बाहेर. चार वेळा आत घातली तर एकदाच उडी मारू देतो. दर वेळी घंटा वाजली की पोर आत शिरतानाच पेटते, कुल्हा दाराला आपटतो, आणि मग आत जायलाच नको म्हणते. मागच्या मोसमातला तो काळा घोडा आठव.

आता माझा हिशेब. वेग पूर्ण बंद, तीन-चार आठवडे चालणं आणि हलकी दुडकी, अंगठ्याला नळी थंड आणि न दुखरी लागेपर्यंत. कोंडा कमी केलाय; फॉस्फरस जास्त झाला की शरीर हाडातलंच कॅल्शियम काढून घेतं. लसूणघास वाढवली. मग आठवड्यातून दोनदाच, कँटरच्या शेवटी २०० मीटर, १५ सेकंदांच्या आसपास. असे पाच आठवडे. मग ४०० मीटर, आणखी पाच. मध्ये कधीही अंगठ्याने ‘नाही’ सांगितलं तर एक पायरी मागे. डिसेंबर संपला की नाही? आणि घाई कसली? इंडियन वन थाउजंड गिनीज ही मोठी शर्यत तीन वर्षांच्या फिलींची, म्हणजे तरुण घोड्यांमधल्या माद्यांची, तीसुद्धा डिसेंबरात, म्हणजे सव्वा वर्ष हातात आहे. डर्बी आणि ओक्स तर चार वर्षांच्यांची.

पण तबेल्यात प्रत्येकाकडे उपाय आहे. बर्फ लावा, दुखणं दाबा, पळवून टाका, नंतर विश्रांती देऊ. दुखणं दाबलं की पोर आखडत नाही, पूर्ण वजन टाकते, आणि त्याच नळीला पुढे काही महिन्यांनी बशीसारखी चीर पडते. मग विश्रांती कुणाला द्यायची?

तुमच्याकडे इंग्लंडात वॉरन हिलचा चढ आहे, कमी वेगात दम मिळतो, पुढच्या पायांवर भार कमी. इथे सपाट वाळू, आणि पावसात रेलजवळ घट्ट, बाहेर रुतणारी. न्यूमार्केटला दोन वर्षांची पोरं एप्रिलपासून पळतात, मग त्यांच्या नळ्यांचं तुम्ही काय करता? कधीपासून वेग देता, आठवड्यातून कितीदा, ते आकड्यांनिशी लिही.

वहिनींचं लायसन्स झालं का? छोटी मराठी बोलते ना अजून? थंडीचे बूट घे, मागच्या वर्षीसारखं करू नकोस.

खरं काम हे. मालक माझं ऐकून घेतात, पण मानतात तुला, राणीच्या वेळेपासून. ते रविवारी संध्याकाळी एंट्रीचं ठरवणार आहेत. त्याआधी त्यांना फोन कर. हाडाचं विज्ञान सांगू नकोस, गिनीजचं सांग. एक्स-रे मी तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय, गुडघ्याचा आधी बघ.

तुझा,
विलास