काकू, दोन्ही स्क्रीन चालू आहेत

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

हे जाहीरपणे लिहितेय, कारण दारात येऊन आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का?" म्हणून विषय बुडवता.

नौपाड्यातली आमची दोन खोल्यांची जागा, खिडकीशी कॉम्प्युटर आणि रिटर्नची 20 तारीख तोंडावर. वर जीएसटीचं पोर्टल, त्याच्यामागे दडलेलं एक्सेल. आकडा वाचायचा, विंडो बदलायची, तोवर आकडा विसरलेला. म्हणून माळ्यावरचा जुना मॉनिटर उतरवला. त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे केबल स्क्रूने पिळायचं जुनं भोक. एचडीएमआयचा, म्हणजे हल्लीच्या चपट्या भोकाचा, कन्व्हर्टर आणून जोडला, तर "नो सिग्नल". दुरुस्तीवाल्याने टॉवरला हातही न लावता निदान केलं: स्क्रीनला चित्र पुरवणारं ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्या.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुमची उमर गेली, ते त्या संध्याकाळी कळलं. स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता तुम्ही टॉर्च घेऊन थेट टेबलाखाली! "पहिला मॉनिटर चालतोय ना? तोही कार्डावरच आहे. मग कार्ड कसं गेलं?" हे माझ्या डोक्यात का येऊ नये? पहिल्याची केबल खाली, कार्डाच्या पट्टीत. दुसऱ्याची मी वर, मदरबोर्डच्या, म्हणजे टॉवरमधल्या मुख्य पाटीच्या, एचडीएमआयमध्ये खुपसलेली. कार्ड बसवलेलं असलं की बऱ्याच मशीनमध्ये वरचं भोक आपोआप बंद होतं, बायॉसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, चालू केलं तरच जागं होतं. मला आपलं वाटायचं, भोक म्हणजे भोक.

कार्डाचं एकुलतं एचडीएमआय भरलेलं. शेजारी डिस्प्लेपोर्ट होतं, दिसायला तसंच पण वेगळं भोक, त्यात मी तोच कन्व्हर्टर कोंबायला निघाले तेव्हा माझा हात धरलात. "त्याचा एक कोपरा छाटलेला आहे, दिसतोय का?" दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळून डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए आणला. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू पिळून झाले, विंडोजचं बटण आणि पी, मग एक्स्टेंड, म्हणजे एकच पडदा दोन्हींवर पसरवायचा. उजळला!

पण जुना मॉनिटर डावीकडे आणि माउस त्यात जायचा उजवीकडून. डिस्प्ले सेटिंगमध्ये 2 चा चौकोन 1 च्या डावीकडे ओढायचा होता. तोही मलाच ओढायला लावलात, स्वतः माउसला बोट लावलं नाहीत. काकू, मला खरे आभार मानायचेत ते याचे. आमच्या घरात मला कॉम्प्युटरवर काही शिकवायचं म्हणजे आधी मला खुर्चीवरून उठवतात.

तुमचा टॉर्च माझ्याकडेच राहिलाय. 20 तारीख गेली की आणून देते. चहा घेईन.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची