वडगाव मावळचे रणांगण समजावून देणाऱ्या गुरुजींस

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

वडगाव मावळ येथील, 1779 साली मराठ्यांनी इंग्रजांवर मिळवलेल्या विजयाचे स्मारक पाहण्यासाठी आमचा वाचनगट पुण्याहून आला, तेव्हा फारशी ओळखदेख नसतानाही आपण अख्खी दुपार आम्हाला दिलीत आणि मानधनाचा विषय निघताच "चहा पाजा, म्हणजे झाले" असे म्हणून तो तिथेच मिटवलात. तोंडी आभार आम्ही त्याच वेळी मानले होते. परंतु आपण नेमके काय दाखवलेत हे इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

महादजी शिंदे यांच्या पुतळ्यासमोर आमची छायाचित्रांची गडबड चालू असताना आपण आम्हाला पाठमोरे व्हायला लावलेत आणि पश्चिमेकडची सह्याद्रीची रांग आधी पाहून घ्या, असे सांगितलेत. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज 1778च्या अखेरीस बोरघाट चढून आली. तोफा, दारूगोळा आणि हजारो बैलांचे लटांबर यांमुळे तिची चाल किती मंदावली होती, हे सांगताना आपण काठीने मातीत घाट, कार्ले, तळेगाव आणि वडगाव यांच्या खुणा काढल्यात. मग तळेगावची खूण चपलेने पुसून टाकलीत. 9 जानेवारी 1779 रोजी शत्रू तिथे पोहोचला, तेव्हा गाव ओस होते आणि दाणावैरण जाळून टाकलेली होती. नाना फडणीस आणि महादजी यांनी शत्रूला आत येऊ दिले आणि त्याची रसद तोडली, ही गोष्ट आम्ही पुस्तकांत वाचली होती. पण आपली घरे सोडून निघून गेलेल्या मावळातल्या रयतेचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. स्मारकांवर सेनापतींना जागा मिळते, रयतेला क्वचितच, ही आपली तक्रार मला पूर्णपणे पटली.

11 जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलून दिल्या, सामानाला आग लावली आणि माघार घेतली. मराठी स्वारांनी त्यांना वाटेतच गाठून वडगावात कोंडले. हा भाग आपण भराभर आटोपलात. त्याऐवजी आम्हाला पोलीस ठाण्याजवळच्या कॅप्टन स्ट्युअर्टच्या समाधीकडे नेलेत. कार्ल्याजवळ मारल्या गेलेल्या या शत्रूला त्याच्याशी लढणाऱ्या मराठ्यांनीच इष्टुर फाकडा म्हणून गौरवले, आणि त्याच्या समाधीला आजही लोक हात जोडतात. आमच्यातील एका तरुणाने "आपण यांना नमस्कार का करायचा?" असे विचारले, तेव्हा आपण रागावला नाहीत, उपदेशही केला नाहीत, चौथऱ्यावरचा पाचोळा हाताने बाजूला केलात आणि तो माणूस कसा लढला एवढेच सांगितलेत.

आणखी एका गोष्टीसाठी आपले आभार मानले पाहिजेत. विजयाची कथा सांगणारे बहुतेक जण वडगावच्या तहापाशी थांबतात. इंग्रजांनी मुंबईलगतच्या साष्टी बेटासह 1773पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे आणि राघोबादादांना स्वाधीन करण्याचे कबूल केले, इथे टाळ्या पडतात. आपण मात्र पुढचेही सांगितलेत: कलकत्त्याचा इंग्रज गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने हा तह मानला नाही, राघोबादादा कैदेतून निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले, आणि 1782च्या सालबाईच्या तहात साष्टी अखेर इंग्रजांकडेच राहिली. विजयस्तंभापाशी उभे राहून हे सांगायला मन खंबीर लागते.

आपण मातीत काढलेल्या नकाशाचे छायाचित्र मी कागदावर उतरवून घेतले आहे. ते सोबत पाठवीत आहे. अंतरे चुकली असतील, तर लाल शाईने सुधारून द्यावीत. येत्या जानेवारीत आणखी काही मंडळींना घेऊन येण्याचा विचार आहे. आपल्या प्रकृतीस मानवेल तो दिवस कळवावा. चहाची व्यवस्था आमच्याकडे.

आपला नम्र,
वाचनगटातील एक सभासद, पुणे