केळकर म्युझियममधले अडकित्ते

मा. संपादक, स.न.वि.वि.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आजोबा आम्हा भावंडांना बाजीराव रोडवरच्या केळकर म्युझियमला न्यायचे, आणि मी धावत सुटायची ती थेट अडकित्त्यांकडे, कारण घरी आजीचा एकच साधा लोखंडी अडकित्ता आणि इथे घोड्यांचे, पोपटांचे, माणसांचे सुद्धा! दिवे, वज्री, दौती, कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल, सगळं बघून पाय दुखायचे तरी निघावंसं वाटायचं नाही.

दिनकर केळकरांनी हे सगळं 1920 च्या सुमारास जमवायला घेतलं, पुढे सात वर्षांचा मुलगा राजा गेला म्हणून म्युझियमला त्याचं नाव दिलं, हे आजोबांनी दारातच सांगितलं होतं, आणि मी तेव्हा सातच वर्षांची होते, रात्री झोप लागली नाही.

परवा नातीला नेलं. ती वज्रीसमोर थांबून म्हणाली, पाय घासायला एवढं सुंदर कशाला? मला फार आनंद झाला. संग्रह वीस हजारांवर वस्तूंचा आहे, पण मांडलेला त्यातला थोडाच, प्लीज तो आलटूनपालटून तरी बाहेर काढा.

– एक आजी, सदाशिव पेठ, पुणे