सोसायटीच्या वार्षिक सभेत साथीचा ठराव घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० सप्टेंबरच्या आत राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. लिफ्टची दुरुस्ती, पार्किंग, थकबाकी, टँकरचा खर्च हे विषय दरवर्षी असतातच. त्यांच्या जोडीला यंदा आणखी एक विषय घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. हवेतून पसरणाऱ्या रोगाची पुढची साथ आली तर सोसायटी काय करील आणि काय करणार नाही, याचा लेखी ठराव. आम्ही सार्वजनिक आरोग्य, इमारतींचे वायुवीजन आणि सोसायट्यांचा कारभार या क्षेत्रांत काम करणारी माणसे आहोत. २०२० मध्ये कोविडच्या साथीत समित्यांनी एका रात्रीत नियम केले. त्यांत चांगल्या हेतूची कमतरता नव्हती, पण कडकपणा नको तिथे गेला आणि हवा होता तिथे ढिलाई राहिली.

माणसे बंधन पाळतात ती त्यामागचे कारण पटले आणि ते पाळण्याची सोय झाली तर. महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घरात घुसून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले, शहर सोडले. त्याच साथीत मुंबईत वेगवेगळ्या समाजांना आपापली इस्पितळे काढू दिली आणि पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला, तेव्हा दवाखान्याच्या नावाने धास्तावलेली माणसे रोग्याला घेऊन बाहेर आली. १२३ वर्षांनी धारावीत हेच दिसले. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, लोकसंख्या आठ-दहा लाखांच्या घरात, बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला. अंतर राखा असे तिथे नुसते सांगून काही होणार नव्हते. पालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन ताप तपासणीची शिबिरे लावली, शाळा आणि क्रीडा संकुलात विलगीकरणाची जागा केली आणि तिथे दोन वेळचे जेवण दिले. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले, ते या कामामुळे.

सोसायट्यांच्या फाटकावर मात्र तापमानाच्या बंदुका आल्या. कपाळाऐवजी मनगटावर धरलेली बंदूक कमीच आकडा दाखवते. उन्हातून चालत आलेल्याचे कपाळ तापलेले असते, एसी गाडीतून उतरलेल्याचे गार. पॅरासिटामॉल घेतलेल्याचा ताप दिसत नाही. मुख्य म्हणजे कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस रोग पसरवत होता, तेव्हा ताप नसायचाच. त्यामुळे वहीत ओळीने ३६.४ लिहिले गेले आणि धोका आहे तिथेच राहिला. हा सोपस्कार ठरावात घेऊ नये.

फवारणीही घेऊ नये. माणसांवर सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारू नका, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच कळवले होते. त्याने डोळे, कातडी आणि श्वासनलिकेला इजा होते आणि शरीरातल्या विषाणूला काहीही होत नाही. सामायिक शौचालय किंवा रुग्णाचे बाथरूम पुसायला मात्र ते उपयोगी आहे, तेव्हा प्रमाण नीट लिहून ठेवावे. बाजारात पाच टक्क्यांचे द्रावण मिळते. त्याचा एक भाग आणि पाणी चार भाग घेतले की एक टक्क्याचे होते. ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला ३० ग्रॅम. पुसल्यावर दहा मिनिटे ओले राहू द्यावे. द्रावण रोज ताजे करावे, कारण क्लोरीन उडून जातो; पावसाळ्यात उघड्या पडलेल्या गोणीतली पावडर महिन्याभरात निकामी होऊ शकते. लिफ्टची बटणे, कड्या यांना सत्तर टक्के अल्कोहोल वापरावे, हायपोक्लोराइट धातू खाते. आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू बंद बाथरूममध्ये जीव घेऊ शकतो. सफाई कामगाराला हे तोंडी सांगून भागत नाही. दोन्ही डबे वेगळ्या कपाटात ठेवावेत.

आता हवेबद्दल सविस्तर, कारण सगळ्यात जास्त हयगय इथेच झाली. पहिले वर्षभर भर राहिला हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ च्या सूचनेत सांगितले की मोठे तुषार दोन मीटरपर्यंत पडतात, पण सूक्ष्म थेंब हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात; खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखे लावा. तोपर्यंत दुसऱ्या लाटेचा कळस होऊन गेला होता. बंद खोलीतला श्वास उदबत्तीच्या धुरासारखा साचत जातो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. म्हणून एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेले सभागृह किंवा सोसायटीचे जिम या जागा साथीत सर्वांत वाईट.

हिशेब सोपा आहे. दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण २५ घनमीटर हवा. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर ताशी १५० घनमीटर हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. हा आकडा एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो, विकत घेताना तोच बघावा. पंखा लावूनही उपयोग होत नाही त्याची कारणे ठरलेली. एक, हवा आत यायला वाट नसते. दार घट्ट लावले की पंखा नुसता गरगरतो. दाराखाली फट हवी, नाहीतर समोरची खिडकी चार बोटे उघडी हवी. दोन, पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडी असते, मग तिथून आलेली हवा तिथूनच बाहेर जाते आणि खोलीचा दुसरा कोपरा कोंदटच राहतो. तीन, जाळीवर तेलकट धूळ बसलेली असते. तपासायला उदबत्ती पुरे: खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात लावून धूर कुठे वळतो ते बघावे. सोसायटीने एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्यावा, पण एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त प्रकाशाने हा वायू प्रत्यक्ष मोजणारा. स्वस्तातले अनेक मीटर हा वायू मोजतच नाहीत, अंदाज दाखवतात. मोकळ्यावर तो सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दाखवतो. सभागृहात ८०० च्या आत असावा. हजार ओलांडले तर खिडक्या उघडाव्यात, नाहीतर सभा गच्चीवर न्यावी.

याच हिशेबाने वॉचमनची केबिन बघा. चार बाय चार फूट, एक सरकती काच, पावसामुळे तीही बंद, आणि पाळी बदलताना आत दोन माणसे. अख्ख्या सोसायटीचे रक्षण ज्याच्याकडे, त्याच्याच वाट्याला सर्वांत कोंदट जागा. समोरासमोरच्या दोन भिंतींना झडपा आणि सहा इंची एक्झॉस्ट पंखा, एवढे काम एका दिवसाचे आहे. पाळीची नोंद बाहेर उभे राहून करावी.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे बाथरूममधला न्हाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी साठून राहणारा भाग. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत मार्च २००३ मध्ये सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण निघाले. कोरड्या पडलेल्या ट्रॅपमधून सांडपाण्याच्या नळातली हवा घरांत येत होती आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे ती ओढून घेत होते, असे तिथल्या तपासात दिसले. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभे असते, तेच झाकण. बंद फ्लॅटमध्ये ते काही आठवड्यांत आटते. आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे. कुलूपबंद फ्लॅटची किल्ली ज्या शेजाऱ्याकडे असेल त्याच्यावर हे काम सोपवावे.

मास्कचे थोडक्यात. साथीत सोसायटीने नोकरांना द्यायचा मास्क एन-९५ किंवा आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी-२ असावा, झडप नसलेला. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर येतो. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे घट्ट बसतात. नाकावरची तार एका हाताने चिमटू नये, दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत गालापर्यंत न्यावी. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे वारा आला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर मास्क बसलेला नाही. दाढी वाढलेली असली की कोणताच मास्क पुरता बसत नाही. एन-९५ धुऊ नये, त्यातल्या कापडाचा विद्युतभार जातो आणि गाळण्याची ताकद घटते. माणशी पाच मास्क द्यावेत, रोज एक घालून कागदी पिशवीत ठेवायचा, सहाव्या दिवशी पुन्हा पहिला. मळला, ओला झाला किंवा पट्टे सैल झाले की टाकून द्यायचा.

सोसायटीकडे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारे दोन ऑक्सिमीटर आणि सुटे सेल कायम असावेत. बोट गार असेल, नेलपॉलिश लावलेले असेल तर आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो, म्हणून एका आकड्यापेक्षा उतार बघावा. पाच मिनिटे स्वस्थ बसून, मशीन लावल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबून मगच लिहावा. ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन. बसून ठीक असलेल्या रुग्णाची सहा मिनिटे सपाट जागेवर चालण्याची चाचणी घेता येते. तीन किंवा त्याहून जास्तीने उतरला तर दवाखाना गाठावा. ही चाचणी एकट्याने करू नये, दम्याच्या रुग्णाने करू नये आणि आधीच आकडा कमी असेल तर मुळीच नाही. २०२१ मध्ये बोलता-चालता माणसे ८० वर उतरलेली होती आणि घरच्यांना पत्ता नव्हता, म्हणून हे इतके तपशिलाने लिहिले.

राहिला प्रश्न रुग्णाच्या घराचा आणि कामवाल्या ताईंचा. मार्च २०२० मध्ये घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या हातावर शिक्के मारले, तेव्हा शिक्का असलेल्या प्रवाशांना पालघरला रेल्वेतून उतरवले गेले. लोकांनी त्यातून काय घेतले? हात झाकायला शिकले. घराच्या दारावर फलक लावण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० ला स्पष्ट केले की सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश दिला असेल तरच तो लावता येईल. ज्याला आपले नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल अशी भीती आहे, तो खोकला दाबून लिफ्टने जाईल. तेव्हा ठरावात लिहावे की रुग्णाचे नाव समितीच्या दोघांपलीकडे जाणार नाही. त्या दोघांचे फोन नंबर आधीच ठरावेत. दूध, औषधे, भाजी दाराशी ठेवणे, कचरा वेगळ्या पिशवीत नेणे, गॅस सिलिंडर आत सरकवून देणे, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सकाळ-संध्याकाळ फोन करणे, ही त्यांची कामे.

घरकामाच्या ताईंना लिफ्ट बंद करणे आणि मालकांना मोकळी ठेवणे याला आरोग्यशास्त्रात कोणताही आधार नाही. नियम एकच असावा: लिफ्टमध्ये एका वेळी दोघे, मास्कसह, पंखा चालू. शासनाच्या आदेशापलीकडची बंदी समितीने घालू नये. आणि शासनाच्याच आदेशाने येणे बंद झाले, किंवा ताई, वॉचमन, सफाई कामगार आजारी पडले, तर त्या काळाचा पगार कापला जाणार नाही, हे वाक्य ठरावात हवेच. पगार कापला जाणार असेल तर ताप अंगावर काढूनच माणूस कामावर येतो. ताईंचा पगार ज्या त्या सभासदाने द्यायचा. वॉचमन आणि सफाई कामगारांसाठी मात्र देखभाल निधीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढून ‘साथ निधी’ या शीर्षाखाली ताळेबंदात वेगळी दाखवावी. कंत्राटदाराकडून माणसे येत असतील तर हीच अट कंत्राटात घालावी, कारण नंतर वाद तिथेच होतो.

आपले,
सार्वजनिक आरोग्य, वायुवीजन व गृहनिर्माण संस्थांच्या क्षेत्रातील काही कार्यकर्ते, पुणे