सूचना : मिनी-झी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शर्यतीच्या) गाड्यांमध्ये बदल करणाऱ्या सभासदांसाठी

सभासदांनो, येत्या रविवारपासून ट्रॅकवर फक्त ट्रिपल-ए आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल चालतील. १०४४० क्रमांकाचे लिथियम सेल दिसायला अगदी तसेच असतात आणि गाडीत बसतातही. पण आपले चार सेल मिळून ४.८ व्होल्ट देतात, तर पूर्ण चार्ज केलेले दोनच लिथियम सेल ८.४ व्होल्टवर जातात. तेवढ्याने सर्किट बोर्ड जळू शकतो आणि सेल तापून पेट घेण्याची भीती असते ती वेगळीच. मुलांच्या पालकांनी हे कृपया स्वतः तपासावे.

वेग वाढवायचा असेल तर आधी चाकांचा दांडा ज्यात फिरतो त्या प्लॅस्टिकच्या बुशऐवजी बॉल बेअरिंग घाला. खर्च थोडा, फरक लगेच कळतो. मग एकच दात जास्त असलेला पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक) लावा, पाच मिनिटे पळवा आणि मोटरला बोट लावून पाहा. चटका बसला तर जुना पिनियन परत लावा. जास्त ताकदीची मोटर सर्वांत शेवटी, कारण ती जादा करंट ओढते आणि मूळ बोर्डावरचे एफईटी (मोटरचा करंट नियंत्रित करणारे ट्रान्झिस्टर) त्यासाठी बनवलेले नसतात. एफईटी बदलायचे असतील तर बारीक सोल्डरिंगचा सराव असलेल्या सभासदाला सोबत घ्या.

टायर घासलेले असतील तर यातले काहीच उपयोगी पडणार नाही. ते आधी बदला.