सिलिंडर नसला तरी हायड्रोजनीकरण होते; आग मात्र गाळताना लागते

महोदय,

हायड्रोजनचा सिलिंडर आणि दाबाचे पात्र नाही, म्हणून कॉलेजात हायड्रोजनीकरण, म्हणजे दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडणे, फळ्यावरच उरकू नये. वडोदऱ्याकडच्या नंदेसरी-मकरपुऱ्याच्या कारखान्यांत जाऊ पाहणाऱ्या मुलांनी तर ते हाताने केलेले असावेच. वायूऐवजी अमोनियम फॉर्मेटमधला हायड्रोजन पॅलेडियमच्या पृष्ठभागावरून दुहेरी बंधाला देता येतो.

सिनॅमिक आम्लाचे हायड्रोसिनॅमिक आम्ल करायचे तर प्रमाण असे: सिनॅमिक आम्ल १.४८ ग्रॅम (१० मिलिमोल), अमोनियम फॉर्मेट १.९ ग्रॅम (३० मिलिमोल), कार्बनवरचे १० टक्के पॅलेडियम ०.१५ ग्रॅम, मेथेनॉल २० मिली. हिशेबाने १० मिलिमोल फॉर्मेट पुरते. पण बरेचसे दुहेरी बंधाला न भेटताच विघटन पावते आणि हायड्रोजन मोकळा सुटतो, जवळजवळ अर्धा लिटर. म्हणून फ्यूम हूड (वायू ओढून घेणारे कपाट) हवे, ज्योत नको आणि फ्लास्क बंद करायचा नाही. तास-दीड तास रिफ्लक्स करावे, म्हणजे उकळत ठेवून वाफ कंडेन्सरने थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडावी. वर कंडेन्सरमध्ये अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा एकत्र येऊन पांढरा थर धरतात. प्रमाण वाढवले तर नळी तुंबते, तेव्हा अरुंद कंडेन्सर टाळावा.

साध्या दाबावर चालते म्हणून हा प्रयोग निर्धोक, हे अर्धेच खरे. कोरड्या उत्प्रेरकावर (कार्बनवरच्या पॅलेडियमवर) मेथेनॉल ओतले की वाफ पेटते. आधी नायट्रोजनखाली उत्प्रेरक थोड्या पाण्याने भिजवावा, मग मेथेनॉल घालावे. गाळताना धोका जास्तच, कारण वापरलेल्या पॅलेडियममध्ये हायड्रोजन मुरलेला असतो. सेलाइट या गाळण्याच्या भुकटीवरून गाळावे, पण पंप चालू ठेवून थर कोरडा पडू देऊ नये. फिल्टर पेपरसकट तो लगेच पाण्याच्या बाटलीत टाकावा आणि पॅलेडियम परत मिळवण्यासाठी साठवावा. कचऱ्याच्या डब्यात गेला तर सुकल्यावर पेटतो.

प्रयोग पुरा झाला का, हे पाहण्यासाठी मुले थेट परमँगनेट टाकतात आणि फसतात. दुहेरी बंधासारखेच उरलेले फॉर्मेटही त्याचा रंग घालवते. टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करणारी चाचणी) बघावे: अतिनील दिव्याखाली सिनॅमिक आम्लाचा ठिपका गडद, उत्पादनाचा फिकट. मेथेनॉल उडवून, पाणी घालून, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ केला की हायड्रोसिनॅमिक आम्ल तेलासारखे सुटते. ते ४८ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे वडोदऱ्याच्या मे महिन्यात ते चिकटच राहायचे. बर्फात ठेवून काचेच्या कांडीने भिंत खरवडावी.

क्लोरोसिनॅमिक आम्ल मात्र या कृतीला घेऊ नये, बेंझिन वलयावरचा क्लोरीनही निघून जातो. नायट्रो गट असेल तर त्याचा अमीन होतो. आणि भांड्याला गंधकयुक्त काही लागलेले असेल तर पॅलेडियम मरते, मग फॉर्मेट कितीही वाढवा.

रसायनशास्त्राचे काही अध्यापक,
वडोदरा